चौथा ठोका

सकाळची गोळी घ्यायची नाही असं बजावलं होतं,
म्हणून पापणीला बोटाचा टेकू देत
रावपुऱ्यातून रिक्षानं आले.
दोन रिक्षावाले, दोन मीटर, दोन्हींवर साठ रुपये.
मी एकदाच दिले.

"हाथ ढीलो राखजो, शिर्केबेन," हितेनभाई म्हणाला.
करंगळीच्या मुळाशी पट्टी,
मनगटावर थंड धातूचे दोन डोळे.
ढिला ठेवायला आताशा मला सांगावं लागत नाही.

सेकंदाला तीन ठोके.
करंगळी आपली आपण उडते,
जणू माझ्या हातानं, मला न विचारता
कुणी कुणाला बोलावतंय.

पडद्यावर पहिली टेकडी:
हवा स्वच्छ असली की गच्चीवरून दिसतो, तो पावागड.
दुसरी जरा खाली.
तिसरीला धाप.
चौथी म्हणजे
गॅसलाइनसाठी खणून
रस्त्याकडेला टाकलेली माती.
पाचवी किंचित उठते,
उशिरा लाज वाटल्यासारखी.

मी बावीस वर्षं मकरपुऱ्याला
ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगला होते.
माझी सही नसली तर वॉचमन ट्रक सोडत नसे.
आलेख मला कुणी समजावायला नको.
तरी डॉक्टर पंड्या समजावतात, मी ऐकून घेते:
नस चांगली आहे. स्नायू चांगला आहे.
निरोप निघतो, पलीकडे पोचतो,
दारं मात्र तुमच्याच रक्तानं
बुजवून टाकलीत.

मधे अंतर किती? मी विचारलं.
केसाच्या जाडीचा हजारावा भाग, म्हणाले,
त्याहून कमीच.
एवढ्याशासाठी मी लॉटच्या लॉट परत पाठवलेत.
'कॉन्टॅक्टवर काजळी', लाल पेनानं लिहायचे,
आणि पोरं पॉलिशपेपर घेऊन बसायची.
इथे घासायला पोचणार कोण?

मग सुई. कपाळात, भुवईच्या वर.
स्पीकरमधून माझाच आवाज,
कढत तेलात पोहे सोडल्यासारखा.
जरा भुवई उचला. धरा. धरून ठेवा.
एका नसेचे दोन धागे,
घरून एकत्र निघालेल्या दोघी बहिणी;
धाकटी कधी बरोबर, कधी मागे,
कधी येतच नाही.
हितेनभाई तिची वाट बघतो.
मीही बघते.

वर्षभराच्या फोटोंत मी रुसलेली आहे.
भाचीच्या लग्नात विहीणबाई म्हणाल्या,
हसायला काय पैसे पडतात?
पैसे नाहीत हो, ठोके पडतात.
माझ्यापाशी तीन होते,
ते माळ घालताना खर्चले.
पंगतीपर्यंत पुरले नाहीत.

कागदावर पेशंटची सही हवी होती.
वैजयंती ताठ उभी राहिली,
शिर्के ओळीखाली बसली.
पडदा अजून चालूच होता.
मी दोन्हींकडे बघितलं, आलेखाकडे आणि सहीकडे.
रीडिंग जुळत होतं.
जुनी सवय, बरं वाटलं.

बाहेर हे उभे. हातात बाटली,
गोळी आधीच पाकिटातून सोडवलेली.
असर यायला पाऊण तास.
तोवर कीर्तिस्तंभापाशी सेवउसळ मागवली.
तीन घास चावले.
चौथ्याला हनुवटीखाली तळहात धरला
आणि थांबले.
वाटीत शेव भिजत गेली.
यांनी काही विचारलं नाही,
आपला पाव मोडून माझ्या बशीत ठेवला, बारीक बारीक.
समोरच्या चपलांच्या दुकानाच्या दोन पाट्या
सरकत सरकत
एकमेकींच्या अंगावर आल्या,
एक झाल्या.
मी चमचा उचलला.
पहिला.